ट्रेसाच्या संरक्षणाची जबाबदारी

१ जुलै
आज एकवीस पूर्ण. इथे ओक्लाहोमात आता मी कायद्याने दुकानात जाऊन पिस्तूल घेऊ शकतो, जवळ बाळगूही शकतो. घेणारच. कारण एकच, ट्रेसा. परवा तिचा घटस्फोटित नवरा कॉय तिच्या हॉटेलात येऊन काउंटरवर हात आपटून गेला. ती एकटी वेट्रेस, पदरात चार वर्षांची बर्डी. त्यांना कोण आहे? मी आहे. हे तिला अजून माहीत नाही. पंचवीसला चर्चच्या अंगणात तळलेल्या माशांची पंगत. माझ्याबरोबर चल म्हणून विचारणार.
आई म्हणाली, आधी सोडलेलं कॉलेज पुरं कर. मी सोडलं नाही. आमचं जमलं नाही.

३ जुलै
ऑर्व्हलकाकांचं बंदुकांचं दुकान. काका म्हणाले, पोरा, हे छोटं रिव्हॉल्व्हर घे, पाच गोळ्या, जवळ आहे हेही विसरशील. मी म्हटलं, हे बायकांचं. पंधरा गोळ्यांचं मोठं घेतलं. काका म्हणाले, एवढ्या जणांशी वैर आहे का रे तुझं?
उद्यापासून रोज सराव. रोज म्हणजे रोज.

६ जुलै
पट्ट्याच्या आत खोचायचं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाची चामडी खोळ. बसलं की नळी जांघेत रुतते, उठलं की पँट घसरते. एक हात कॉफीला, एक पँटला. ऊन फार, म्हणून सराव आरशासमोर. एकदा.

९ जुलै
खांद्याला अडकवायचं होल्स्टर. ते झाकायला जॅकेट. बाहेर एकशे चार डिग्री फॅरनहाइट. ट्रेसा म्हणाली, लेलंड, ताप आहे का तुला? म्हणजे काळजी करते! कोपऱ्यातले म्हातारे म्हणाले, ताप कसला गं, पिस्तूल आहे. यांना कसं कळलं?

१३ जुलै
तिसरं होल्स्टर, कंबरेच्या मागे. कंबर गेली. तिन्ही होल्स्टरं टेबलाच्या खणात कोंबली, खण लागत नाही. व्हर्लिनमामा म्हणाला, भाच्या, आता शोभलास, असा एक खण आम्हा पिस्तूलवाल्यांतल्या प्रत्येकाकडे असतो. उद्यापासून पुन्हा पहिलं, वरून जॅकेट.

१७ जुलै, दुपार
कॉय आला. मी भिंतीला पाठ लावून, नजर दारावर. त्याने बर्डीला नवे बूट दिले, ट्रेसाला त्या दिवशीचं सॉरी म्हणाला, आणि जाताना मला म्हणाला, जॅकेट काढ की लेका, भोवळ येऊन पडशील. आवाजात भीती स्पष्ट होती.

२२ जुलै, ४ वाजता
दमलोय. जांघ सोलवटलीय, रात्री कूस बदलता येत नाही. पण आज नवल झालं. हॉटेलातून घरी येईपर्यंत वजन जाणवलंच नाही. पँट जागच्या जागी. चालसुद्धा हलकी. शेवटी सवय झाली तर.

५.१०
ट्रेसाचा फोन! स्वतःहून! म्हणाली, आत्ताच्या आत्ता ये. पंगतीचं तिलाच सुचलेलं दिसतंय. दाढी, निळा शर्ट. पँट तीच, वेळ नाही.

७.३०
ट्रेसाने दिलेल्या पार्सलच्या डब्यात माझं पिस्तूल होतं.
हॉटेलात संडास एकच. पँट उतरवताना पिस्तूल काढून तिथल्या टॉयलेट पेपरच्या डब्यावर ठेवलं, आणि तसाच उठून आलो. माझ्यानंतर बर्डी आत गेली. हात धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, आई, कुणाचं तरी पिस्तूल राहिलंय. तिने हात लावला नव्हता. आईने तसं शिकवलं होतं.
पार्सलचा डबा ट्रेसाने काउंटरवरून माझ्याकडे सरकवला. म्हणाली, कॉय नुसता ओरडतो, त्याची मला कधी भीती वाटली नाही. आज वाटली. तुझी.
मी म्हटलं, मी हे सगळं तुमच्यासाठीच केलं. तिने एप्रनचा खिसा जरासा उघडून दाखवला. छोटं, पाच गोळ्यांचं. तीन वर्षं आहे म्हणाली.
तीन वर्षं मी रोज तिच्याकडे बघतोय.

२५ जुलै
ऑर्व्हलकाकांनी पिस्तूल परत घेतलं. होल्स्टर मात्र घेत नाहीत. खण अजून लागत नाही.
पंगतीत गेलो नाही. समोरच्या रस्त्याने दोनदा गेलो, सहज. बर्डीने कुंपणातून हात हलवला. मीही हलवले, दोन्ही. मोकळेच होते. ट्रेसाने तिला उचललं आणि दुसऱ्या टेबलापाशी नेलं.