सुटून आलेले खरेदीखत

दि. ४ मार्च

चि. सौ. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

ईश्वरकृपेने गृहकर्ज फिटले. बँकेने घराचे मूळ खरेदीखत परत दिले, तेव्हा परघरी वाढलेले अपत्य दारी आल्यासारखे वाटले. प्रथम ते पोथीच्या बासनात ठेवले. पुढे कसर लागेल म्हणून धान्याच्या कोठीत. तुझी आई म्हणाली, की दळणाबरोबर घरही दळून येईल. आता ते कपाटाच्या चोरकप्प्यात आहे. ते सोडून नातीला पाहावयास येणे तूर्त अशक्य दिसते. राग मानू नये.

कळावे. लोभ आहेच, तो तुझ्याकडूनही वाढावा.
तुझे बाबा

दि. ९ मार्च

तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.

राग मानू नये म्हणालात, पण आला आहे. बाळ दोन महिन्यांची झाली. सासरचे सगळे पाहून गेले, आमचा इस्त्रीवालासुद्धा पाहून गेला. हे म्हणतात, बँकेत लॉकर घ्या. देह म्हणजे भाड्याचं घर, असं जन्मभर आम्हाला सांगितलंत. मग विटामातीच्या घराच्या कागदाचा एवढा मोह कसा? अशानं ती तुम्हाला फोटोतले आजोबा म्हणूनच ओळखेल. हे विनोदानं लिहिलेलं नाही. निदान आईला तरी पाठवा.

लोभ आहे, सध्या जरा कमी.
तुमची ताई

दि. १४ मार्च

चि. ताईस आशीर्वाद.

शब्द जिव्हारी लागले. मोह तो मोहच. परंतु रक्षण हाही गृहस्थाचा धर्म आहे. जावईबापूंना सांगावे, की जिथून सोडवून आणले तिथेच लॉकर घेणे म्हणजे सुटलेल्या कैद्याने तुरुंगात खोली भाड्याने घेणे होय. तुझ्या आईला आज गाडीत बसवून दिले. मी कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो आहे. जप, वाचन, जेवण तिथेच. शेजारच्या मास्तरांनी विचारले, की कपाटाला ताप आला आहे काय. दुर्लक्ष केले.

बाळास गोड पापा.
बाबा

दि. १६ मार्च

ती. बाबांस सा. न.

आई सुखरूप पोचली. आल्याआल्या तिनं पिशवीतून बाळाची दुपटी काढली, आणि दुपट्यात गुंडाळलेलं खरेदीखत. मी घाबरले, म्हटलं प्रवासात हरवलं असतं म्हणजे? ती म्हणाली, की निम्मे हप्ते तिच्या शिलाईतून गेले आहेत, तेव्हा कागद फिरायला नेण्याचा हक्क तिलाही आहे. आणि तुमचं मन जिथे तिथे तुम्ही येता, म्हणून ती ते मनच उचलून घेऊन आली. तिथे तुम्ही सध्या साड्या राखता आहात. आता या.

लोभ पूर्ववत करण्यास तयार,
ताई

दि. २० मार्च, बसस्थानक

चि. ताईस आशीर्वाद.

पत्र वाचून चोरकप्पा उघडला. आत डांबरगोळ्या होत्या. इतके दिवस मी त्यांचे एकनिष्ठेने रक्षण केले. आधी क्रोध आला, मग एकट्यानेच हसलो, मग निघालो. हे पत्र माझ्यामागून पोचेल. तरी लिहितो, कारण तोंडाने कबूल करणे जमणार नाही.

गाडी लागली आहे. घराला कुलूप लावले काय, हे नीट स्मरत नाही. परत फिरणार होतो. तेवढ्यात ध्यानात आले, की नातीचे नाव काय ठेवले, हे मी अद्याप विचारलेलेच नाही. आल्यावर आधी ते सांगावे. खरेदीखत मागाहून दाखवले तरी चालेल.

कळावे, आशीर्वाद.
बाबा