आपल्या घरात न चालणारा शब्द

प्रिय सिद्धेश,

पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून 'प्रिय' लिहिलं. आज तसं काही वाटत नाहीये. फोनच केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. 'ताई, तू उगाच डोकं तापवून घेतेस' म्हणतोस आणि ठेवून देतोस. ईमेल केला असता तर तो तुझ्या त्या फिल्टरने अडवला असता, कारण यात एक शब्द येणार आहे. म्हणून कागदावर लिहितेय. तुझे भावोजी हे तुझ्या हातात देतील. मुलांसमोर वाचू नकोस आणि अर्धवट टाकून उठू नकोस.

परवा तू मोठ्या समाधानाने सांगितलंस, अपूर्वा सुधारली, हल्ली कॉम्प्युटरकडे फिरकत नाही. अरे, फिरकेल कशी? पासवर्ड तू बदललास! आठवीतली मुलगी शाळेचं प्रोजेक्ट करायला खालच्या मजल्यावर देसाईंकडे जाते, आणि तिचा भाऊ ओजस त्याच कॉम्प्युटरवर जेवायची हाक येईपर्यंत गोळ्या झाडत बसतो. त्याला पासवर्ड माहीत आहे. का, तर तो मुलगा आहे, गेमच्या पलीकडे जात नाही. वा रे न्याय! लॉकडाऊनमध्ये कॉम्प्युटर घेतलात तो दोघांच्या शाळेसाठी. हॉलमध्ये शोकेसच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर राहील असा ठेवलास, तेव्हा बरं केलंस असं मीच म्हटलं होतं. पोरांना मोकाट सोडा असं मी आजही म्हणत नाही. पण लक्ष ठेवणं वेगळं आणि पाळत ठेवणं वेगळं. तू फिल्टर बसवलास, ऑफिसात बसून मोबाइलवर त्याच्या सूचना वाचायला लागलास, आणि घरात काय चाललंय ते घरातल्या माणसांना विचारायचंच सोडून दिलंस.

तशी एक सूचना गणपतीच्या आधी आली. कुणीतरी 'स्तन' हा शब्द शोधला होता. लिहिला बघ. कोसळलं का आभाळ? पडद्यावर आलं, हा मजकूर तुमच्या कुटुंबासाठी योग्य नाही. घरी येऊन तू अपूर्वाच्या कानाखाली वाजवलीस. ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. तुझं तेवढ्यावर भागलं नाही. विसर्जनाच्या दिवशी जोगेश्वरीच्या आपल्या जुन्या खोलीत गणपतीसमोर अख्खी भावकी जमली होती, आणि तू नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला उभा राहिलास. बाबा कसं घालायचे, आठवतंय? पोराबाळांक सुखी ठेव, कोणाचा चुकला-माकला आसात तर पोटात घाल. बाबांनी देवाजवळ कधी कुणाची चुगली केली नाही रे. आणि तू काय म्हणालास? "ह्या घरात जेणा कोणी नको ता बघल्यान आसात, तेका तूच काय ती शिक्षा दी रे म्हाराजा!" नाव घेतलं नाहीस, पण बघत पोरीकडेच होतास. सगळी खोली सवयीने ओरडली, "व्हय म्हाराजा!" अपूर्वाने मान वर केली नाही. आई आरतीचं ताट तिथेच ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली, ते तुला दिसलंसुद्धा नाही.

नंतर आई माझ्याकडे मुलुंडला आली. खांदा दुखतो म्हणाली, म्हणून तेल चोळायला बसले, तर डाव्या बाजूला हात लावू देईना. मी रागावले, तेव्हा रडायला लागली. श्रावणातच तिथे तिच्या हाताला गाठ लागली होती. तुला सांगायची लाज, सुनेला सांगायचा संकोच, आणि मला सांगितलं असतं तर ऐन सणात मी दवाखाना मांडला असता. म्हणून तिने नातीला हाताशी धरलं. म्हणाली, तुमच्या त्या कॉम्प्युटरला विचार, अंगावर गाठ आली तर काय करायचं. आपल्याकडे बायका 'अंगावर'च म्हणतात. मूल अंगावर पितं, अंगावरचं दूध सुटतं. अपूर्वाने तसंच्या तसं टाइप केलं. कॉम्प्युटरने चरबीच्या गाठी दाखवल्या, काळजीचं कारण नाही असं सांगितलं. आई खूश झाली. पण आजीचा हात सारखा कुठे जातो ते पोरीने पाहिलं होतं. मग तिने खरा शब्द घातला, आणि तुझ्या फिल्टरने तिच्या तोंडावर दार लावलं. पप्पांना काही सांगायचं नाही म्हणून आजीने तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती. म्हणून ती तुझी थप्पड खाऊन गप्प राहिली, सगळ्या भावकीसमोर गप्प राहिली. या घरात एकच माणूस वेळेवर योग्य प्रश्न विचारत होतं, आणि त्याला तू वाईट चालीचं ठरवलंस. मला तुझी लाज वाटते, सिद्धेश. फार लाज वाटते.

घाटकोपरच्या डॉक्टरांनी सुई घालून तपासणी केली. कॅन्सर आहे. पसरलेला दिसत नाही, पण आता थांबू नका, असं ते बजावून म्हणाले. ऑपरेशनची तारीखही मिळाली होती, ती आईने घालवली. भीतीने नाही. ती म्हणते, नको ते बघायला मीच सांगितलं. लेकाने देवाजवळ शिक्षा मागितली, सगळ्यांनी व्हय म्हटलं, देवाने ती बरोबर माणसाला दिली. आता "माका दिलेली शिक्षा जर मी कापून टाकलंय, तर ती अपूर्वाच्या वाट्याक जायत." मी भांडले, डॉक्टरांनी समजावलं, तुझ्या भावोजींनी हात जोडले. ती हलत नाही. गाऱ्हाणं ज्याने घातलं त्यानेच मागे घ्यायचं, एवढं एकच तिचं म्हणणं आहे. माझा-तुझा त्यावर विश्वास आहे की नाही, हे आता मला ऐकायचं नाही. उद्या नारळ घेऊन माझ्याकडे ये. येताना अपूर्वाला आण आणि आधी तिची माफी माग. रिक्षात माग, जिन्यात माग, पण दारात पाय टाकण्याआधी माग. मग आईसमोर उभा राहा आणि चूक तुझी होती असं देवाला मोठ्याने सांग. तो शब्द गाळू नकोस, आईला ऐकू दे. 'व्हय म्हाराजा' म्हणायचं की नाही, ते अपूर्वा ठरवेल.

तुझीच, पण रागावलेली,
मानसीताई