बिल्ल्यावरचं कडं

ॲरिझोना,
१२ जानेवारी १९९२

ती. अक्कास,
हिलालचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मायचा मोतीबिंदू पिकलाय, तरी हिलाल आल्याशिवाय ऑपरेशन नाही, पट्टी सुटल्यावर पहिलं तोंड त्याचंच बघेन, असा तिचा हट्ट वाचून हसलो आणि पत्र पुन्हा एकदा वाचलं. तिला सांग, मेअखेर शाळा सुटली की येतो.

आता एक काम. आमच्या शाळेत नवाहो, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या, मुलांचं कॅडेट पथक आहे, आपल्या एन.सी.सी.सारखं. गणिताच्या मास्तराला, म्हणजे मला, ते बघायला लावलंय. मुलांनी दंडावरच्या बिल्ल्याचं चित्र स्वतः काढलं. त्यांच्या टोपलीवर असतं तसं गोल कडं, आत चार डोंगर: पूर्वेचा पांढरा, दक्षिणेचा फिरोजी, पश्चिमेचा पिवळा, उत्तरेचा काळा. त्या डोंगरांमधला मुलूख म्हणजे त्यांचं घर. काय काढावं आणि काय काढू नये, हे टोपल्या विणणाऱ्या एका आजीला विचारून ठरवलं. माझी अक्का धुळ्यात पोलिसांचे कापडी बिल्ले सुईदोऱ्याने भरते, अशी फुशारकी मी मारून बसलो. चित्र सोबत ठेवलंय, तेव्हा आता भरून पाठव. तुझ्या हातचं काहीतरी रोज डोळ्यांसमोर राहील.

दाजींना जयभीम. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा हिलाल

धुळे,
८ मार्च १९९२

चि. हिलालला अक्काचे अनेक आशीर्वाद.

बिल्ले आजच पार्सलने टाकले. तुझा फिरोजी दोरा धुळ्यात कुठेच मिळेना. शेवटी तुझे दाजी जळगावला जाऊन रीळ घेऊन आले, आणि आठवडाभर त्याचीच बढाई चालली होती. चित्रात मात्र तुझ्या मुलांनी घाई केलीय. कडं वर एका जागी तुटलेलं. इथे असा बिल्ला गेला तर कवायतीआधीच परत येतो. परक्या मुलखात तुझी मान खाली जायला नको, म्हणून मी सगळ्या बिल्ल्यांचं कडं घट्ट जुळवून टाकलं. कुठे जोडलंय ते शोधूनही सापडायचं नाही.

माय साक्रीहून माझ्याकडे राहायला आलीय. भिंतीला हात लावत चालते. मी भरत बसले की बोटं फिरवून विचारते, हा कोणता डोंगर. सांगून झालं की छान जमलंय म्हणून मान डोलावते, म्हणते, बठ्ठं बेस शे, पण तो मे महिना कुठे अडकलाय.

वेळेवर जेव, आणि आम्हाला विसरू नकोस.
तुझी अक्का

ॲरिझोना,
२ मे १९९२

ती. अक्कास,
सविनय जयभीम, वि. वि.

बिल्ले बघून मुलं आधी खूश झाली, मग एकेक जण कड्यावरून बोट फिरवून काहीतरी शोधू लागला. रागावू नकोस, पण ते कडं तुटलेलं नव्हतं. त्यांच्या टोपलीच्या नक्षीत पूर्वेला, म्हणजे आपल्या चित्रात वरच्या बाजूला, वाट मोकळी ठेवतात, घराचं दारही पूर्वेलाच. माणसाला कोंडायचं नाही, त्याला बाहेर जायला आणि परत यायला वाट हवी, असं आजीने मला समजावलं. मी हे तुला आधीच लिहायला हवं होतं. आजी बिल्ले घरी घेऊन गेली आणि तेवढे टाके सुईने उसवून आणले. तुझ्या हाताचं तिने कौतुक केलं. मग विचारलं, इतक्या घट्ट टाक्यांनी ही बाई कोणाला धरून ठेवतेय.

अक्का, मी आणखी तीन वर्षांचा करार केलाय. उन्हाळ्यात पथकाचं शिबिर आहे, तेही माझ्यावरच आहे. मे हुकला. संध्याकाळी इथले डोंगर लाल होतात तेव्हा साक्रीकडचे डोंगर आठवून मला रडू येतं, आणि तरीही मी सही केली. का, ते मलाच धड सांगता येत नाही. मायला तू तुझ्या पद्धतीने सांग. ऑपरेशन मात्र थांबवू नका.

रागाव हवं तर, पण अबोला धरू नकोस.
तुझा हिलाल

धुळे,
९ जून १९९२

चि. हिलालला आशीर्वाद.

माझ्या पद्धतीने सांगायचं म्हणजे खोटं सांगायचं. ते जमलं नाही. पत्र होतं तसं मायला वाचून दाखवलं. त्या आजीला माझा जयभीम सांग, उसवलं ते बरं केलं. पण माझा राग गेलेला नाही. वाट मोकळी ठेवली म्हणजे माणूस येतोच असं नाही, हिलाल.

ऐकून मायने लुगडं धुवायला काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसली आणि दवाखान्यात चला म्हणाली. ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी सोडायच्या दिवशी मी तुझा फोटो भिंतीवरून काढून नेला होता. तिने मागितला की लगेच पुढे करायचा, म्हणून पदराआड धरून उभी होते.

तिने डॉक्टरांकडे पाहिलं, तुझ्या दाजींकडे पाहिलं. खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड पाहिलं. किती पिकले गं तुझे केस, म्हणून मलाच रागावली. फोटो तिने मागितला नाही.

खुशाली कळवत जा.
तुझी अक्का