गाणारीचं नाव

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुला दोन महिने बोलायची बंदी केली आणि शिक्षा मात्र मला झाली. दुकानात चष्म्याचे नंबर लिहायचे, एवढंच माझं लिखाण. छापखान्यात प्रुफं तपासण्यात तुझी हयात गेली, तेव्हा हे पत्र लाल शाईच्या खुणांसकट परत येणार हे धरूनच चाललोय. त्या चिमुकल्या फोनवर बोटं मारणं तुला जमत नाही म्हणतेस, म्हणून हा खटाटोप.

टाके कसे आहेत? गाठ साधीच निघाली हे ऐकून जीव भांड्यात पडला. आवाज किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले ना? येईल. तू घाई करू नकोस.

आता खरी बातमी. आईची कॅसेट मी अखेर संगणकात घेतली. जुना टेप वायरीने जोडला, मागची खरखर जमेल तेवढी पुसली. मग आईचा तो एकुलता एक फोटो, शिलाई मशीनवर बसलेला, गळ्यात मापाची पट्टी असलेला, त्यावर लावला. गाणं चालू असताना फोटो हळूहळू जवळ येतो, एवढंच. खाली लिहिलं : ‘बटणांचं गाणं. गायिका माझी आई. मी तीन वर्षांचा असताना ती गेली. तिची एवढीच आठवण माझ्याकडे आहे.’ परवा व्हिडिओ सगळ्यांसाठी खुला केला. आत्तापर्यंत चार हजार लोकांनी ऐकला, ताई! एकाने लिहिलंय की गाणं ऐकताना गाडी रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली.

दुसरी कॅसेट तुझ्याकडे आहे. पाठवतेस ना? बाकीची चार गाणीही करायची आहेत.

माया आहेच, तिच्यात काटछाट नको.

तुझा,
धाकटा


दि. १३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. चुका अकरा. त्यातल्या नऊ माफ.

टाके सुकले. पातळ खाते आणि पाटीवर लिहून कामं भागवते. दुकानदार मला बहिरी समजून मोठ्याने ओरडतो, आणि मला ऐकू येतं हेही त्याला ओरडून सांगता येत नाही. घर फार शांत झालंय. एकटीने राहताना आपण स्वतःशी किती बोलत असतो, ते आता कळतंय.

व्हिडिओ पाहिला. फोटो छान दिसतो. खरखर थोडी राहू दिलीस ते बरं केलंस.

दुसऱ्या कॅसेटची फीत चिकटली आहे. वाजेल असं वाटत नाही, उगाच आशा धरू नकोस. आणि एक सांगू का? घरातलं गाणं घरात असावं. चार हजार अनोळखी माणसांना आपल्या आईचं काय? तू हौसेने केलंस हे मला समजतं, रागावू नकोस. पण आता आणखी पसारा वाढवू नकोस.

थंडीत कानाला बांधून जात जा. तुझ्या घरच्यांना आशीर्वाद. आहे ते प्रेम असंच मुरत राहो.

तुझी,
ताई


दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माझं डोकं भणाणून गेलंय.

काल व्हिडिओखाली एका बाईंनी लिहिलं की त्या नऊ वर्षं आईच्या शेजारच्या मशीनवर बसायच्या, कपड्यांच्या कारखान्यात. फोटो तिचाच आहे, पण हा आवाज तिचा नाही. ती कधी गायचीच नाही, ती शिट्टी वाजवायची. घोगऱ्या आवाजाची बाई होती, दोन ओळीसुद्धा सुरात म्हणता यायच्या नाहीत, असंही वर लिहिलंय. लगेच पन्नास जण तुटून पडले. कुणी मला खोटारडा म्हणतं, कुणी त्या म्हातारीला वेडी म्हणतं.

गाण्याच्या मध्येच मी रडतो आणि गाणं थांबतं, ते ठाऊक आहे ना तुला? ती म्हणते, ‘रडू नको, मी इथंच आहे,’ आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आईने माझ्याशी बोललेलं माझ्यापाशी तेवढंच आहे. लहानपणी शाळेतून आलो की तेवढा तुकडा मागेपुढे करून ऐकायचो. म्हणून फीत तिथे झिजलीय. आणि कुणीतरी उठून म्हणतं, ही ती नाहीच!

आई गेली तेव्हा तू साडेपंधरा वर्षांची होतीस. तुला आईचा आवाज माझ्याहून शंभर पटीने माहीत आहे. माझ्यासाठी चार ओळी लिहून दे, की हा आवाज आईचाच. तुझ्या नावाने खाली टाकतो आणि विषय संपवतो. ही म्हणते, दुर्लक्ष कर. मला जमत नाही.

उत्तराची वाट पाहतो. माझ्यावरचा जीव आता कामी येऊ दे.

तुझा,
धाकटा


दि. ६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू मागितल्यास तशा चार ओळी मला लिहिता येणार नाहीत. त्या बाई खरं बोलतात.

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

आई गेली तेव्हा माझी शाळा दुपारची होती. बाबा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. तुला शेजारच्या काकूंकडे ठेवायचो. जेवलास की झोप यायची आणि झोपायचा नाहीस. माझं गाणं ऐकल्याशिवाय नाहीच. आई कारखान्यातून आणायची ती बटणं डब्यात होती, त्यांच्यावर मीच काहीतरी जुळवून म्हणायचे. काकू हैराण झाल्या. मग बाबांनी दुकानातून टेप आणला आणि एका रविवारी दुपारी मला खुर्चीवर बसवून पाच गाणी भरून घेतली. तू मांडीवर होतास, मध्येच रडलास. ‘मी इथंच आहे’ म्हणणारी मी होते.

काकू रोज कॅसेट लावायच्या. तू पाच वर्षांचा झाल्यावर बाबांना विचारलंस की ही कोण गाते. बाबा म्हणाले, आई. मी दारात उभी होते. तुझा चेहरा पाहिला आणि खरं न सांगता आत निघून गेले. नंतर बाबांना विचारलं, असं का सांगितलंत? त्यांनी मान खाली घालून सांगितलं की पोराला तिचं काहीच आठवत नाही, एवढं तरी त्याच्यापाशी असू दे. थोडा मोठा झाला की खरं सांगू. थोडा मोठा म्हणजे किती, ते आम्ही दोघांनीही कधी ठरवलं नाही. बाबा गेले तेव्हा तू एकोणतीस वर्षांचा होतास.

तुला वाटत असेल, मी गाते हे तुला कसं कळलं नाही. मी गाणं सोडलं, बाळा. शाळेतल्या बाईंनी शिकवायची तयारी दाखवली होती. मीच नको म्हटलं. मी गायले असते तर तू आवाज ओळखला असतास. तू घरात असताना मी कधी गुणगुणलेसुद्धा नाही. पुढे तू लग्न करून लांब गेलास, तोवर सवयच मोडली होती. हे तुला उपकार म्हणून सांगत नाही. मला त्याचा रागही यायचा, तुझासुद्धा. कॅसेट लावून तू डोळे मिटून बसायचास तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी आपटायचे.

फीत चिकटल्याचं खोटं सांगितलं. कॅसेट यासोबत आहे. काय करायचं ते तू ठरव.

मी तुझ्याकडून आई दुसऱ्यांदा काढून घेतली. क्षमा कर असं लिहायलाही धजत नाही. माया कमी झाली तरी मी तक्रार करणार नाही.

तुझी,
ताई


दि. १७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहा आठवडे लिहिलं नाही. तुझी दोन पत्रं आली, ती फोडली नव्हती. आज फोडली.

तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी व्हिडिओ काढून टाकला. हिलासुद्धा आठवडाभर काही सांगितलं नाही. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काचा लावून दिवसभर एकच विचारतो : आधीची स्पष्ट की आत्ताची? त्या दिवसांत एकदा मलाच पुढे विचारता येईना. गिऱ्हाईक काचा लावून बसलं आणि मी भिंतीकडे बघत उभा. बाबांवर संतापलो, पण भांडायला ते नाहीत. मग उरलीस तू. फार वाईट वाईट पत्रं मनात लिहिली. ती पाठवली नाहीत, त्यांतल्या चुका तरी वाचल्या.

मागच्या आठवड्यात त्या बाईंना भेटायला गेलो. माफी मागायची होती. एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर राहतात, खिडकीशी मशीन अजून आहे. आई इतकी खणखणीत शिट्टी वाजवायची, की चाळीस मशीनींच्या आवाजातही ऐकू यायची. मुकादम रागवायचा. ती माफ करा म्हणायची आणि तो वळला की पुन्हा सुरू. बाईंनी मला चाल दाखवायचा प्रयत्न केला, पण कवळीतून नुसती हवा निघाली. आम्ही दोघंही हसलो आणि मग मला रडू आलं.

तुला सांगायचं ते पुढे आहे. त्यांनी एकदा आईला विचारलं होतं की शिट्टी कसली वाजवतेस, सरळ गात का नाहीस. आई म्हणाली होती, की घरात गाणारी माझी लेक आहे; तिच्यासारखं मला जमत नाही म्हणून शिट्टीवर भागवते. ती वाजवायची त्या चाली तुझ्याच होत्या, ताई. घरी ऐकून जायची.

घरी आलो आणि कॅसेट लावली. पोरीचा आवाज आहे. इतका स्पष्ट पोरीचा आवाज, आणि मला चव्वेचाळीस वर्षं कळलं नाही.

तू माझी आई होतीस असं मी म्हणणार नाही. आई ती, शिट्टी वाजवणारी. आत्ताच कुठे ओळख झालीय, मला ती आवडली. तू माझी ताई. साडेपंधराव्या वर्षी तुलाही आई नव्हती, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

तू हो म्हणालीस तर पाचही गाणी पुन्हा टाकीन, आधी झालेली चूक खाली स्पष्ट लिहून. गाणारीचं नाव काय लिहायचं ते तू कळव. नाही म्हणालीस तर कॅसेट परत पाठवतो, ती तुझी आहे.

रुसवा धरलास तरी माया तशीच ठेव.

तुझा,
धाकटा


दि. २५ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आईचं ते बोलणं मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मला वाटायचं, तिने माझं गाणं कधी लक्ष देऊन ऐकलंच नसेल. कामावरून दमून यायची, पाय पाण्यात सोडून डोळे मिटून बसायची. मी समजायचे, झोप लागली.

आता माझी एक कबुली. पसारा नको असं तुला लिहिलं आणि रोज दुपारी दार लावून तोच व्हिडिओ ऐकत होते. पाटीवर लिहिणारी बाई आपलाच आवाज ऐकते. मार्चमध्ये तो दिसेनासा झाला, तेव्हा फोन बिघडला म्हणून दुकानात घेऊन गेले. तिथल्या मुलीने सांगितलं की फोन ठीक आहे, टाकणाऱ्यानेच काढलाय.

टाक पुन्हा. माझं पूर्ण नाव लिही. त्यापुढे ‘वय साडेपंधरा’ असं असू दे, ‘पंधरा’ नको. आईचा फोटोही राहू दे. बटणं तिची होती. शिट्टीचं मात्र लिहिलंच पाहिजे. त्या बाईंना माझा नमस्कार सांग. मी भेटायला येईन.

बोलायची बंदी उठून पंधरा दिवस झाले. तुला कळवलं नाही, कारण आवाज परत आलाय पण तो माझा नाही. जाड, फाटका निघतो. डॉक्टर म्हणतात, आता एवढाच. दूधवालाही पहिल्यांदा दचकला.

रविवारी अकरा वाजता फोन करीन. आवाज ओळखू येणार नाही तुला. अनोळखी बाई समजून फोन ठेवू नकोस. मी काही न बोलता गप्प राहिले तरी थोडं थांब.

माया तुझी तू सांभाळ, माझी मी सांभाळतेच आहे.

तुझी,
ताई