तलवार कुणाच्या हातून पडते

रवि. २ नोव्हेंबर

आज पुन्हा तलवार पडली! धम्मदीपने नवा नियम काढलाय — फाशावर एक आला की हातातलं शस्त्र निसटणार. आमचा रविवारचा फासे टाकून गोष्ट रचायचा खेळ तो चालवतो, राक्षस त्याचे, नियमही त्याचेच; बाकी आम्ही त्यातलं एकेक पात्र. मी फायटर, तलवारवाली. लेव्हल वाढली म्हणून आता पाळीला दोन वार मिळतात. म्हणजे दोनदा फासा टाका, दोनदा जीव मुठीत. जितकी तरबेज, तितकी वेंधळी! हा कुठला न्याय?

प्रणय विझार्ड, म्हणजे जादूगार. त्याच्या फायरबॉलला, त्या आगीच्या गोळ्याला, नेम साधायला फासा टाकावाच लागत नाही, मग एक येणार कुठून? गुहेतले सगळे राक्षस एका झटक्यात खाक. मी आपली गुडघ्यावर बसून तलवार शोधतेय. सगळे हसले. मीही हसले. अलिबागला धम्मदीपच्या घरून रेवदंड्याला परतताना रिक्षात तेच फासे मोजत आले.

मंगळ. ४ नोव्हेंबर

धम्मदीपला मेसेज केला — विझार्डचाही मंत्र कधीतरी फसू दे, नाहीतर माझी तलवार हातात राहू दे. उत्तर आलं, अंगठा. नुसता अंगठा!

रवि. ९ नोव्हेंबर

मेली माझी फायटर.

पूल अडवून उभी होते, बाकीचे पलीकडे जावेत म्हणून. पहिलाच वार — एक. तलवार नदीत. दुसरा वार नुसत्या मुठीने. मग काय, संपलं. वर्षभर सांभाळलेली बाई.

मी म्हटलं, हा नियम फक्त हत्यारवाल्यांनाच मारतो. रुचिता आमच्यात चोर खेळते, एरवी तोंड उघडत नाही. तीही म्हणाली, रचनाचं बरोबर आहे. प्रणय मान खाली घालून बसला. धम्मदीपने मला गॅलरीत नेलं. आवाज अगदी समजुतीचा.

"प्रणयला भाव मिळाला नाही तर तो यायचा बंद होईल. तू काय, येशीलच."

येशीलच!

कॉलेजपासून ओळखतो हा मला. नकाशे मी काढायचे, चिवडा मी न्यायचा, आणि आपटीही मीच खायची — कारण मी काय, येशीलच. चप्पल घातली आणि निघाले. जिन्यात रुचिताने गाठलं, तिला सगळं सांगितलं. रडले नाही. रडायला हवं होतं बहुतेक.

रवि. १६ नोव्हेंबर

गेले नाही. आई म्हणाली, "आज अलिबागला न्हाय?" म्हटलं, न्हाय. तिच्याबरोबर सुकट निवडत बसले. हात चालू, डोक्यात तोच पूल.

धम्मदीपचा फोन येत राहिला. उचलला नाही.

गुरु. २० नोव्हेंबर

रुचिताचा फोन. रविवारी खेळ झालाच नाही म्हणे. तिने प्रणयला गॅलरीतलं बोलणं सांगितलं. तो उठूनच गेला. माझ्यावर चिडला असणार. चिडू दे!

रवि. २३ नोव्हेंबर

दुपारी दारात प्रणय. मागे रुचिता. प्रणय आत येईना, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "भाव मिळाला नाही तर येणार नाही, असं मी कधीच म्हटलं नव्हतं गं. तुझी तलवार पडली की मलाच कसंतरी व्हायचं."

पुढचा रविवार आमच्याकडे. खेळ मी चालवणार. धम्मदीपलाही बोलावलंय — फायटर म्हणून.