खाकी कव्हरातलं जहाज

बाबा,

मी ग्रंथालयात कामावर गेलेय, सातला येईन. माझी विज्ञानकथांची पुस्तकं रद्दीत काढायला तुम्ही सांगितलंत. मी काढणार नाही.

उलट तुमच्यासाठी टेबलावर तीन पुस्तकं ठेवलीत. धंद्याच्या पुस्तकातलं चौथं प्रकरण तेवढं वाचा, बाकी लेखकाने स्वतःचीच टिमकी वाजवलीय. अर्थशास्त्राचं जाडजूड आहे, पण भाव का पडतात हे काकांपेक्षा बरं समजावतं.

तिसरं तुम्ही महिनाभर वाचताय. तीनशे वर्षांनी पोचणाऱ्या जहाजाची तिकिटं आज विकणारी ती म्हातारी तुम्हाला इतकी पटली, की 'धंद्यात अशी नजर हवी' असं दुकानात सगळ्यांना ऐकवलंत. बाबा, पुढच्या प्रकरणात ते जहाज पृथ्वी सोडतं. तुमच्या धाकाने मीच त्या पुस्तकाला खाकी कव्हर घालून वर 'व्यापाराची तत्त्वं' असं लिहिलं होतं. ते चुकलं. आज कव्हर काढलंय, आणि यापुढे कुठल्याच पुस्तकाला घालणार नाही.

रद्दीवाला सहाला येईल, त्याला काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा. तुमची खूण एकशे चाळिसाव्या पानावर तशीच ठेवलीय.

धाकटी