गाडीच्या छतातली सात भोकं

दादा,

गाडीच्या छताला सात भोकं आहेत. पोरांच्या सिनेमासाठी तू लावलेल्या घडीच्या स्क्रीनला चार स्क्रू लागतात. उरलेली तीन तुझ्या अंदाजाची.

मी बाबांना टॅक्सीने दवाखान्यात नेतेय. गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवली आहे. तुझं थिएटर तुलाच लखलाभ.

काल मी म्हटलं, "आधी बाबांना बसवून बघ," तर वहिनीसमोर म्हणालास, "झालं, बाईसाहेबांची प्रयोगशाळा सुरू!" आणि मापं घेतलीस रिकाम्या गाडीत. तुझी पोरं वर्षातून दोनदा लांबच्या प्रवासाला जातात. बाबा आठवड्यातून तीनदा मागच्या सीटवर मधोमध बसतात, कारण पाय लांब सोडायला तेवढीच जागा आहे. ऑपरेशननंतर त्यांची मान वाकत नाही, हे एव्हाना शेजाऱ्यांनाही पाठ झालंय.

सकाळी ते बसायला गेले आणि डोकं आपटलं. वर मलाच म्हणतात, "त्याला बोलू नकोस, हौसेने लावलंय त्याने." म्हणून तोंडाने बोलत नाही, लिहून ठेवतेय.

संध्याकाळी सहाच्या आत स्क्रीन उतरव. नेहमीसारखं वहिनीला पुढे करू नकोस, ड्रिल तुझ्या हातात होतं. आणि "दोन-चार बोटांचा तर प्रश्न आहे" असं बाबांना ऐकवू नकोस. मी टेपने दोनदा मोजलंय.

सीटपासून घडी करून बंद केलेल्या स्क्रीनपर्यंत: ८४ सेंटीमीटर.
सीटपासून बाबांच्या डोक्यापर्यंत: ८८.५ सेंटीमीटर.